रद्दबातल : कोणी केलं आणि कधीपासून?

‘करार रद्द झाला’ या वाक्यातून कामाचं असं फारच थोडं कळतं. दोघांनी मिळून मोडला, एकाने नोटीस देऊन सोडला, न्यायालयाने मोडीत काढला, की तो मुळातच उभा राहू शकत नव्हता? चारही वेळा मराठीत ‘रद्द’च म्हणतात. पण पैसे परत मिळणार का, कोणाला कुठे जावं लागणार आणि मधल्या काळात झालेल्या व्यवहारांचं काय, याची उत्तरं चारही वेळा वेगळी असतात. फरक दाखवण्याची सोय मराठीत आहे. ती नामात कमी आणि क्रियापदात जास्त आहे, म्हणून घाईत निसटते.

आधी शब्द पाहू. ‘रद्द’ आणि ‘बातल’ हे दोन्ही अरबीतून फारसीच्या वाटेने आले. रद्द म्हणजे परत लावलेलं, नाकारलेलं. बातल म्हणजे खोटं, निष्फळ, ज्यात दम नाही असं. जोडशब्दात एक कृती सांगतो आणि दुसरा स्थिती: नाकारलं, आणि म्हणून पोकळ झालं. ‘बातल’ आता एकटा फारसा भेटत नाही, या जोडीतच टिकून आहे. त्यामुळेच त्याची मोडतोड होते. ‘रद्दबादल’ सर्रास दिसतं. बादल म्हणजे ढग, त्याचा इथे काही संबंध नाही. ‘रदबातल’ जुन्या लिखाणात सापडतं, पण आज द्द जोडाक्षरच लिहावं.

‘रदबदली’ मात्र पूर्ण वेगळा शब्द. रदबदली म्हणजे कोणासाठी तरी केलेली मध्यस्थी, शिष्टाई, थोडक्यात शब्द टाकणं. ‘शिक्षा कमी व्हावी म्हणून त्याने साहेबांकडे रदबदली केली’ हे बरोबर. ‘आदेशाची रदबदली झाली’ असं लिहिलं तर आदेश रद्द झाला असा अर्थ निघत नाही. हिंदीतला ‘रद्दोबदल’, म्हणजे फेरफार, डोक्यात असल्यामुळे ही गल्लत होत असावी.

व्याकरणात ‘रद्द’ बदलत नाही: रद्द तिकीट, रद्द गाडी, रद्द परवाने. ‘रद्दबातल’ बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटाकडे क्रियापदाला चिकटून येतो: ठराव रद्दबातल ठरला. ‘रद्दबातल ठराव’ चुकीचं नाही, पण कानाला अवघडतं. नाम हवं असेल तर ‘रद्द करणं’ पुरतं. फॉर्मांवर छापलेलं ‘रद्दीकरण’ मला आवडत नाही, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर आधी जुन्या पेपरांचा गठ्ठा येतो.

आता क्रियापदं. रद्द करणं हे ज्याच्या हातात गोष्ट आहे त्याचं काम: ज्याने तिकीट काढलं तो ते रद्द करतो, ज्याने परवाना दिला ते कार्यालय तो रद्द करतं. परिणाम साधारणपणे तिथून पुढे. रद्द होणं म्हणजे कोणी ठरवलं नसताना अट किंवा मुदत संपून घडलेलं. रद्द ठरवणं हे अधिकार असलेल्या तिसऱ्याचं काम, न्यायालयाचं किंवा प्राधिकरणाचं. ‘ठरवणं’ म्हटलं की निष्कर्ष आला: हे मुळात टिकणारं नव्हतं, आम्ही ते फक्त जाहीर करतो आहोत. म्हणूनच ‘रद्दबातल’ची स्वाभाविक जोडी ‘ठरवणं’शी आणि ‘ठरणं’शी आहे. ‘मी माझं तिकीट रद्दबातल केलं’ कोणी म्हणत नाही, ते यामुळेच.

कायद्यात हा फरक करारांच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २ मध्ये दोन खाने पाडलेत. कायद्याने बजावताच येत नाही तो एक. एका पक्षाच्या मर्जीवर टिकतो किंवा मोडतो तो दुसरा. कायद्याच्या पुस्तकी मराठीत पहिल्याला शून्य किंवा शून्यवत, दुसऱ्याला शून्यनीय किंवा शून्यकरणीय म्हणतात. बोली मराठीत सांगायचं तर पहिला ‘मुळातच रद्दबातल’ आणि दुसरा ‘रद्द होण्याजोगा’. दोघांना सरसकट ‘रद्द करार’ म्हणणं ही वर्तमानपत्री मराठीची सर्वांत महाग चूक आहे.

अज्ञान व्यक्तीशी, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार पहिल्या खान्यात. ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी विरुद्ध धरमोदास घोष या खटल्यात ते पक्कं केलं: मुलाने लिहून दिलेलं गहाणखत उभंच राहत नाही, त्यामुळे सावकाराला त्यावर वसुलीही करता आली नाही. बेकायदा उद्देशाचा करार (कलम २३), पैजेचा करार (कलम ३०), अर्थच निश्चित करता येत नाही असा करार (कलम २९), मूलभूत वस्तुस्थितीबद्दल दोघांचाही गैरसमज असलेला करार (कलम २०), हे सगळे याच रांगेत. यांना कोणी ‘रद्द’ करत नाही. ते रद्दबातलच असतात.

धाक, फसवणूक, चुकीची माहिती देऊन मिळवलेली संमती (कलम १९) आणि गैरवाजवी दबाव (कलम १९अ) यांचे करार दुसऱ्या खान्यात. फसलेल्या माणसाने काहीच केलं नाही, तर करार चालूच राहतो. त्याने मोडायचं ठरवलं तर मोडतो, पण कलम ६४ प्रमाणे त्याला मिळालेला लाभ परत करावा लागतो. पहिल्या खान्यात करार शून्य असल्याचं नंतर उघड झालं, तर लाभ परत करण्याची जबाबदारी कलम ६५ टाकतं. म्हणजे दोन्हीकडे ‘परत द्या’ आहे, पण कारण वेगळं आणि कलमही वेगळं. नोटिशीत एकाच्या जागी दुसरं कलम घातलं, तर समोरचा वकील पहिल्याच उत्तरात बोट ठेवतो.

कायदाही कधीकधी शब्द मिसळतो. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या अधिनियमाचं कलम २३ घ्या. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झालं असं मानलं जातं आणि देणाऱ्याच्या इच्छेनुसार न्यायाधिकरण ते शून्य घोषित करतं. शब्द शून्याचा, पण कळ देणाऱ्याच्या हातात. म्हणजे वागणं ‘रद्द होण्याजोग्या’चंच. अट बक्षीसपत्रात लिहिलेली असणं इथे फार उपयोगी पडतं. ‘प्रेमापोटी व आपुलकीने’ एवढंच लिहून दिलेल्या बक्षीसपत्राच्या मागे अट होती हे नंतर सिद्ध करताना दमछाक होते.

लग्नाच्या बाबतीत बोली मराठी कायद्याइतकीच नेमकी आहे. ठरलेलं लग्न ‘मोडतं’. झालेलं लग्न घटस्फोटाने ‘संपतं’. आणि पहिला जोडीदार हयात व लग्न टिकून असताना केलेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम ११ खाली शून्य असतं. ते संपत नाही, कारण ते सुरूच झालेलं नसतं. फसवून किंवा बळजबरीने लावलेलं लग्न कलम १२ मध्ये, रद्द होण्याजोगं. त्यासाठी फसवणूक कळल्यापासून किंवा बळजबरी थांबल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. वर्ष उलटलं किंवा कळल्यावरही स्वखुशीने एकत्र राहिलं, की हा मार्ग बंद. दोन्ही प्रकारांत मुलं मात्र कलम १६ मुळे औरसच. ‘विवाह रद्द, मुलं बेकायदा’ अशी वाक्यं अजून लिहिली जातात, ती साफ चूक आहेत.

कागदपत्रांचा भाग सर्वांत जास्त लोकांच्या वाट्याला येतो, म्हणून तिथे जरा थांबू.

नोंदणीकृत साठेखत, म्हणजे मिळकत पुढे विकण्याचा करार, दोघांच्या संमतीने मोडायचं असेल, तर तसाच नोंदणीकृत रद्दलेख करावा. तोंडी ‘सोडून देऊ’ म्हणून भागत नाही, कारण नोंदलेला करार नंतरच्या तोंडी बोलण्याने मोडला असं सिद्ध करायला पुरावा कायदा वाव देत नाही. पैसे परत केल्याची साधी पावती हातात असली तरी दुय्यम निबंधकाच्या सूचीत जुनं साठेखत तसंच दिसत राहतं. पुढच्या खरेदीदाराचा वकील शोध घेतो, त्याला ते सापडतं आणि व्यवहार अडकतो. रद्दलेखात मूळ दस्ताचा क्रमांक, तारीख आणि निबंधक कार्यालय, मिळकतीचं तेच वर्णन, पूर्वी दिलेली रक्कम, परत दिलेली रक्कम व कशाने दिली, ताबा दिला होता का आणि परत मिळाला का, आणि ‘केव्हापासून’ हे सगळं हवं. गाभ्याचं वाक्य असं लिहिता येईल:

‘सदर साठेखत आम्ही उभय पक्ष राजीखुशीने आज रोजी, आजपासून पुढे, रद्द करीत आहोत. त्यापोटी मिळालेली संपूर्ण रक्कम लिहून घेणार यांना परत पोहोचली असून सदर साठेखतान्वये कोणाचाही कोणावर हक्क, मागणी वा तक्रार राहिलेली नाही.’

याऐवजी अनेक मसुद्यांत ‘सदर साठेखत रद्दबातल समजण्यात यावे’ असं असतं. समजायचं कोणी? ‘समजण्यात यावे’ ही विनंती आहे, कृती नाही. मोडणाऱ्यानेच मोडल्याचं म्हणायला हवं.

तसंच ‘मुदतीत रक्कम न दिल्यास हा करार आपोआप रद्द होईल’. ‘आपोआप’ या शब्दावर लोकांचा फार भरवसा. करार कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत हा कराराचा गाभा असेल, तरी मुदत चुकल्यावर करार दुसऱ्या पक्षाच्या इच्छेने मोडण्याजोगा होतो. स्थावर मिळकतीत तर मुदत गाभा आहे असं न्यायालयं सहसा गृहीत धरत नाहीत. तेव्हा ‘आपोआप’ लिहिलं असलं तरी मुदत संपल्यावर लेखी नोटीस पाठवावी, तीत मुदत कधी संपली, किती रक्कम बाकी आहे आणि आपण करार मोडत आहोत, हे तिन्ही सांगावं. गप्प बसून पुढचा हप्ता स्वीकारला, की ‘आपोआप’ची हवा गेली.

खरेदीखताची गोष्ट निराळी. नोंदणी झाली, मोबदला पोहोचला, मालकी गेली. आता विकणारा ‘मी रद्द करतो’ म्हणू शकत नाही, कारण रद्द करायला त्याच्याकडे काही उरलेलंच नाही. दोघं राजी असतील तर मालकी परत देणारा नवा दस्त करतात. नसतील, तर विनिर्दिष्ट अनुतोष कायदा (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) १९६३ च्या कलम ३१ खाली दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करून मागायचा. हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल, झाल्यावर न्यायालय त्याची प्रत नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवतं आणि तो आपल्याकडच्या प्रतीवर रद्द झाल्याची नोंद घेतो. दावा लावण्याची मुदत, मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५९ प्रमाणे, तीन वर्षं. मोजायची ती दस्ताच्या तारखेपासून नाही, तर रद्द मागण्याचं कारण देणारी वस्तुस्थिती कळल्या दिवसापासून. ‘कधी कळलं’ हे दाव्यात तारखेसह लिहिणं त्यामुळे फार महत्त्वाचं.

मुखत्यारपत्र रद्द करताना लोक रद्दलेख करून मोकळे होतात आणि तिथेच फसतात. करार कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे अधिकार संपल्याचं मुखत्याराला कळेपर्यंत त्याच्यापुरतं, आणि त्रयस्थांना कळेपर्यंत त्यांच्यापुरतं, ते रद्द होणं लागू होत नाही. म्हणून नोटीस मुखत्याराला पोच घेऊन द्यावी, तो जिथे वावरतो त्या बँका, निबंधक कार्यालय, सोसायटी यांना कळवावं, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी आणि मूळ कागद परत घ्यावा. शेवटचं सर्वांत उपयोगी. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत गुंतला असेल, तर मात्र कलम २०२ मुळे, तसा करार नसेल तोवर, त्याला बाधा येईल असं मुखत्यारपत्र संपवता येत नाही.

मृत्युपत्राला ‘रद्द’ लागू करायला कारण विचारलं जात नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चं कलम ७० वाटा सांगतं: नंतरचं मृत्युपत्र किंवा पुरवणी, मृत्युपत्रासारखीच दोन साक्षीदारांसमोर सही केलेली रद्द केल्याची लेखी घोषणा, किंवा रद्द करण्याच्या हेतूने ते जाळणं, फाडणं, नष्ट करणं, तेही स्वतः किंवा आपल्यासमोर आपल्या सांगण्यावरून दुसऱ्याने. नुसती तिरकी रेघ मारून ‘रद्द’ लिहिलं आणि साक्षीदार घेतले नाहीत, तर त्यावर भरवसा ठेवू नये. नव्या मृत्युपत्रात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी याद्वारे रद्द करीत आहे’ हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात असावं. ते नसलं तर जुनं आणि नवं शेजारी ठेवून कुठे विसंगती आहे ते शोधत बसावं लागतं.

सातबाऱ्यावर तर ‘रद्द’ म्हणणंच बऱ्याचदा चूक. कर्ज फिटलं की बोजा ‘कमी’ होतो. चुकीचा आकडा किंवा नावातली लेखनचूक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली ‘दुरुस्त’ होते. फेरफार, म्हणजे हक्काच्या बदलाची नोंद, प्रमाणित होण्याआधी हरकत आली तर तो ‘नामंजूर’ होऊ शकतो. प्रमाणित झाल्यावर तलाठ्याकडे जाऊन ‘फेरफार रद्द करा’ म्हणण्यात अर्थ नाही. अपील करावं लागतं, प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे. आणि फेरफार रद्द झाला म्हणजे त्यामागचा खरेदीखतासारखा दस्त रद्द झाला, असंही नाही. नोंद गेली, दस्त राहिला. उलट शेतजमिनीचे लहान तुकडे पडू नयेत म्हणून केलेल्या तुकडेबंदी कायद्याच्या कलम ९ मध्ये कायद्याविरुद्ध झालेलं हस्तांतरणच शून्य म्हटलं आहे, मग नंतरच्या दुरुस्तीने असे व्यवहार पैसे भरून नियमित करण्याची सोय झाली. जे शून्य आहे ते नियमित कसं होतं, हा प्रश्न पडणं साहजिक आहे; उत्तर एवढंच की कायद्याने केलेलं शून्य कायद्यालाच भरता येतं.

आजूबाजूचे शब्द थोडक्यात. मत आणि उमेदवारी अर्ज ‘बाद’ होतो: छाननीत गाळला गेला, बाकी प्रक्रिया चालू. अर्ज, याचिका ‘फेटाळली’ जाते, जुन्या धाटणीत ‘खारीज’ होते. खारीज म्हणजे बाहेर. कायदा संसद किंवा विधिमंडळ ‘निरसित’ करतं, न्यायालय ‘रद्दबातल’ ठरवतं. आणि ‘स्थगिती’ म्हणजे यातलं काहीच नव्हे, फक्त थांबा. २०२० च्या तीन कृषी कायद्यांना सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ रोजी स्थगिती दिली आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी संसदेने त्यांचं निरसन करणारं विधेयक मंजूर केलं. बातम्यांमध्ये दोन्ही दिवशी ‘रद्द’ वापरणाऱ्यांना दुसऱ्या वेळी काय लिहावं हा प्रश्न पडला असेल.

निरसन साधारणपणे पुढे लागू होतं. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट) १८९७ चं कलम ६ मागे मिळालेले हक्क आणि मागे झालेले गुन्हे राखून ठेवतं. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तरी त्याआधीच्या गुन्ह्यांना दंड संहिताच लागते, ती याच तत्त्वावर. न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलेलं कलम मात्र अंमलातून जातं, पण छापील पुस्तकातून पुसलं जात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ २४ मार्च २०१५ रोजी रद्दबातल ठरलं, तरी त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवण्याचे आदेश द्यावे लागले.

‘निवडणूक रद्द’ हाही असाच घसरडा प्रयोग. मतदानाआधी आयोगाने कार्यक्रम थांबवला तरी रद्द, आणि निवडून आल्यावर उच्च न्यायालयाने त्या व्यक्तीची निवड शून्य घोषित केली तरी रद्द. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींच्या बाबतीत दुसरं केलं होतं. इथे ‘निवड रद्दबातल ठरवली’ लिहिलं की शंका उरत नाही. ‘निवडणूक’मधलं ‘णूक’ गाळलं की काम होतं.

शेवटी दोन जागा, जिथे रद्द केल्यामुळेच कागद कामाचा होतो. कॅन्सल्ड चेक: दोन समांतर तिरक्या रेघा, त्यात ‘कॅन्सल्ड’, सही नाही, आणि रेघा खाते क्रमांक, आयएफएससी किंवा खालच्या चुंबकीय शाईच्या आकड्यांवरून जाऊ द्यायच्या नाहीत. तो पैसे देत नाही, फक्त खातं तुमचं असल्याचं सांगतो. आधीच दिलेला चेक परत घ्यायचा असेल तर तो ‘रद्द’ करायचा नसतो, बँकेला त्याचं पेमेंट थांबवायला सांगायचं असतं, आणि देणं असेल तर ते तसंच राहतं.

दुसरी जागा रेव्हेन्यू स्टँप. पाच हजार रुपयांवरच्या पावतीला एक रुपयाचं तिकीट लागतं आणि मुद्रांक कायद्याच्या कलम १२ प्रमाणे चिकटवलेलं तिकीट पुन्हा वापरता येणार नाही असं रद्द करावं लागतं. रद्द केलं नाही, तर तेवढ्यापुरता कागद बिनतिकिटाचाच मानला जातो. करायचं इतकंच: सही किंवा आद्याक्षरं तिकिटावरून अशी घ्यायची की थोडी तिकिटावर आणि थोडी कागदावर येईल, आणि सोबत खरी तारीख घालायची.